'एकदा झालं ते झालं' : एकाच गुन्ह्याचा दोनदा खटला नाही, हे आलं कुठून?

तालुका_वकील

गेल्या दिवाळीत धाकट्या बहिणीकडे फराळाला गेलो होतो. मेहुणे एका सरकारी कार्यालयात आहेत. भांडारातल्या मालाच्या हिशेबात घोळ निघाला म्हणून त्यांची विभागीय चौकशी झाली आणि दोन वेतनवाढी रोखल्या गेल्या. वर्षभराने त्याच घोळाबद्दल पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं. मेहुणे मात्र निर्धास्त. "एकाच गुन्ह्याची दोनदा शिक्षा देता येत नाही. घटनेत आहे. कलम २०."

मी म्हटलं, "आहे की. पण कायद्याच्या हिशेबी तुम्हाला अजून एकदाही शिक्षा झालेली नाही."

चकली तोंडाशी नेता नेता थांबली. बहिणीने मला डोळ्यांनीच गप्प बसवलं आणि विषय मुलाच्या ॲडमिशनवर गेला. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना. तीस वर्षं काळा कोट घालतोय, पण हा नियम मुळात कुणी आणि कशासाठी काढला, हे कधी नीट बघितलंच नव्हतं. गेले दोन महिने जमेल तसं वाचतोय, ते इथे टाकतो. चुकलं तर हक्काने कान पकडा.

सुरुवात अथेन्सपासून. इ.स.पू. ३५५ च्या सुमारास डेमोस्थेनीस या वक्त्याने लेप्टिनीस नावाच्या माणसाच्या कायद्याविरुद्ध भाषण केलं. विषय खून-दरोड्याचा नव्हता, करमाफीचा होता. नगरासाठी काही थोर काम केलेल्यांना खर्चिक सार्वजनिक जबाबदाऱ्यांतून जी सूट मिळे, ती लेप्टिनीसला बंद करायची होती. त्या भाषणात डेमोस्थेनीस जाता जाता म्हणून जातो की एकाच माणसावर एकाच बाबीसाठी दोनदा खटला चालवायला आपले कायदे मनाई करतात. जाता जाता म्हणतो, म्हणजे ऐकणाऱ्यांना ते ठाऊक असणार. अथेन्समध्ये सरकारी वकील नव्हता. बऱ्याच गुन्ह्यांत कुणीही नागरिक उठून दुसऱ्याला कोर्टात खेचू शके. आज मी हरलो तर उद्या माझा चुलतभाऊ तीच तक्रार घेऊन उभा, असं चालू दिलं असतं तर कुणाचाच निकाल लागला नसता.

रोमन लोकांनी ते लिहून ठेवलं. सम्राट जस्टिनियनच्या ५३३ सालच्या 'डायजेस्ट' या कायदेसंग्रहात उल्पियन या कायदेपंडिताचं वचन आहे : ज्या गुन्ह्यातून माणूस सुटला, त्याच गुन्ह्याचा आरोप त्याच्यावर पुन्हा होऊ देऊ नये, हे प्रांताधिकाऱ्याने पाहावं. पण लगेच पळवाटाही आहेत. फिर्यादीने आरोपीशी आतून संगनमत करून मुद्दाम खटला हरला असेल, तर तो निकाल धरायचा नाही. आणि दुसरा कुणी येऊन म्हणाला, 'अन्याय माझ्यावर झालाय, आधीच्या खटल्याचं मला माहीतच नव्हतं', तर त्याचं ऐकता येई.

ही दुसरी पळवाट लक्षात ठेवा, पुढे इंग्लंडात भेटेल. तिथल्या टॉमस बेकेट या आर्चबिशपचं प्रकरण रात्री लिहितो, आत्ता तारखेला जायचंय.

गंपू

पहिला! आणि मेहुण्यांचं पुढे काय झालं ते आधी सांगा.

सई_प

वाचतेय. इतिहास शिकवते म्हणून एक टोचणी. 'अथेन्सपासून चालत आलेला नियम' हे वाक्य कायद्याच्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर असतं. अथेन्समध्ये तसा कायदा होता हे खरं, पण तिथून तो इंग्लंडात गेला याला काडीचा पुरावा नाही. दोन गावांत पुरणपोळी होते म्हणून एका गावाने दुसऱ्याकडून उचलली असं होत नाही ना.

तालुका_वकील

सईताई, मान्य. अथेन्स नुसतं शेजारी म्हणून ठेवू. इंग्लंडात जो धागा खरोखर पोचला, तो निघतो बेथलेहेममधून. हा भाग मला सगळ्यात आवडला, म्हणून जरा लांबण लावतो.

चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम बेथलेहेमला राहून बायबलच्या एकेका ग्रंथावर लॅटिन भाष्य लिहीत होता. नहूम नावाच्या छोट्या ग्रंथात पहिल्या अध्यायाची नववी ओवी आहे. मूळ हिब्रूत अर्थ साधारण असा : 'संकट दुसऱ्यांदा उठणार नाही.' नहूम हे निनवे शहराला बजावतोय. थोडक्यात, एकाच घावात असे संपाल की दुसऱ्याची गरज पडणार नाही. निव्वळ धमकी.

जेरोमसमोर अडचण वेगळीच होती. जुन्या करारातला देव क्रूर आहे, असं मार्सियन नावाच्या पाखंडी ठरलेल्या ख्रिस्ती गुरूचे अनुयायी म्हणत. जलप्रलयात माणसं बुडवली, सदोम जाळलं, इजिप्तचं सैन्य समुद्रात गाडलं. जेरोमने या ओवीचा आधार घेऊन उत्तर दिलं : त्या लोकांना इथेच शिक्षा मिळाली, आता मेल्यावर पुन्हा मिळणार नाही, कारण देव एकाच गोष्टीसाठी दोनदा न्याय करत नाही. धमकीची झाली दया. भाष्यकारांची ही करामत आपल्याला नवी नाही.

ते वाक्य मग चर्चच्या कायद्यात शिरलं. देवच दोनदा शिक्षा करत नाही, तर माणसाने का करावी? पुढची आठेकशे वर्षं ते तिथेच मुरत पडलं.

११६३ साल. इंग्लंडात दुसरा हेन्री राजा, आणि त्याचा एकेकाळचा जिवलग टॉमस बेकेट कॅंटरबरीचा आर्चबिशप. चर्चशी संबंधित माणूस, मग तो धर्मगुरू असो की नुसती मुंडण केलेला कारकून, गुन्हा केला तर चर्चच्या कोर्टापुढे जाई. आणि चर्चचं कोर्ट रक्त सांडणारी शिक्षा देत नसे.

बेडफर्डचा फिलिप द ब्रॉई नावाचा एक धर्माधिकारी होता. एका सरदाराच्या खुनाचा त्याच्यावर आळ. बिशपच्या कोर्टात त्याने शपथेवर हात झटकले, त्याच्या बाजूने शपथ घेणारे उभे राहिले, आणि तो सुटला. पुढे राजाचा फिरता न्यायाधीश सायमन फिट्झ पीटर त्या भागात आला आणि त्याने ते जुनं प्रकरण उकरून काढलं. फिलिप भडकला आणि भर सभेत न्यायाधीशाला नाही नाही ते बोलला. न्यायाधीश तडक राजाकडे. राजा म्हणाला, माझ्या न्यायाधीशाला शिवी म्हणजे मला शिवी. त्याला फिलिपवर दोन्ही हवं होतं, खुनाचा खटला आणि अपमानाचाही. चर्चने खुनाचं प्रकरण पुन्हा उघडायला साफ नकार दिला. शिवीगाळीची शिक्षा मात्र दिली, आणि राजाच्या मते ती अगदीच पुचाट होती.

पुढच्या वर्षी, ११६४ ला, हेन्रीने क्लॅरेंडनला सोळा कलमं पुढे केली. तिसऱ्या कलमाचा मथितार्थ असा : आरोपी आधी राजाच्या कोर्टात हजर होईल, मग चर्चच्या कोर्टात चौकशी, दोषी ठरला की चर्चने त्याचं धर्मपद काढून घ्यायचं, आणि मग राजाची माणसं त्याला सामान्य माणसाची शिक्षा देतील. म्हणजे फाशी नाहीतर हातपाय तोडणं. बेकेट म्हणाला, धर्मपद काढलं हीच शिक्षा झाली, आता दुसरी नाही. आणि तोंडावर फेकलं जेरोमचं वाक्य.

हेन्रीचा पक्ष : पद काढणं ही कसली शिक्षा?

आता माझ्या मेहुण्यांच्या दोन वेतनवाढी आठवा.

अबोली_७

अंगावर काटा आला शेवटच्या ओळीला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

फडताळ

लेख छान, पण बेकेटला हिरो करू नका राव. तो स्वतःच्या जातभाईंना वाचवत होता. खून करून मुंडण दाखवायचं आणि सुटायचं, याला हक्क कोण म्हणेल? हेन्रीच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

सई_प

फडताळ, निम्मं पटलं. बेकेटचा पक्ष त्याच्या स्वतःच्या चर्चच्या कायद्यातही निर्विवाद नव्हता. ११४० च्या सुमाराला ग्रेशियनने चर्चच्या नियमांचा मोठा संग्रह केला. त्यात पद काढलेल्या माणसाला राजाच्या हवाली करण्याला आधार देणारी वचनंही सापडतात. हेन्रीचे पंडित काही मूर्ख नव्हते.

पण बेकेट जिंकला तो वादात नाही, मरणात. २९ डिसेंबर ११७० ला राजाच्या चार सरदारांनी त्याला त्याच्याच कॅथेड्रलमध्ये तलवारीने मारलं. तीन वर्षांच्या आत तो संत घोषित झाला. ११७४ च्या जुलैत हेन्री अनवाणी कॅंटरबरीला गेला आणि साधूंकडून पाठीवर फटके खाल्ले. ११७६ ला त्याने पोपच्या वकिलाला लिहून दिलं की राखीव जंगलातले गुन्हे वगैरे सोडून धर्मगुरूंना सरकारी कोर्टात ओढणार नाही. मंदिरात खून झाल्यावर राजाला तत्त्वचर्चा परवडत नाही.

तालुका_वकील

सईताई, हे मी लिहिणार होतो त्याहून नेमकं झालं. फडताळ, हिरो नाही करत. उलट मला मौज याची वाटते की हा नियम कुणा सामान्य माणसाच्या कळवळ्यातून आलाच नाही. दोन कोर्टांच्या हद्दीच्या भांडणातून आला. शेजाऱ्यांची बांधावरून मारामारी होते आणि मध्ये गावाला पायवाट मिळते, तसं.

गंपू

अवांतर : मुंडण करून सुटता येत असेल तर सगळ्यांनीच केलं असेल की!

सई_प

गंपू, थट्टेत बरोबर बोललास. पुढे मुंडणाऐवजी वाचता येणं हीच परीक्षा झाली. बायबलमधलं ठरावीक स्तोत्र, बहुधा एक्कावन्नावं, वाचून दाखवलं की फाशी टळे. त्याला 'मानेचा श्लोक' म्हणत. अक्षरशत्रू चोरही तो घोकून येत. ही सवलत १८२७ पर्यंत कागदावर होती. बास, विषयाकडे.

तालुका_वकील

आता ती दुसरी पळवाट, 'अन्याय माझ्यावर झालाय'.

इंग्लंडात खुनाची दाद दोन वाटांनी मागता येई. एक राजाच्या नावाने. दुसरी मयताच्या नातेवाइकाने स्वतः, तिला ते 'अपील' म्हणत. आजच्या अपिलाशी तिचा संबंध नाही, ती थेट खाजगी फिर्याद. आधी राजाची वाट वर्षभर थांबे, नातेवाइकाला संधी म्हणून. तेवढ्यात साक्षीदार मरत, आरोपी पैसे चारून मिटवत. म्हणून १४८७ ला सातव्या हेन्रीने कायदा केला : राजाचा खटला लगेच चालवा, आणि आरोपी त्यातून सुटला तरी नातेवाइकाचा हक्क वर्ष-दिवसापर्यंत शाबूत. म्हणजे दोनदा खटला चालवण्याची सोय खुद्द कायद्यातच!

इंग्लिश कायदेपंडित ब्लॅकस्टोनने १७६९ ला लिहिलं की एकाच गुन्ह्यासाठी कुणाचा जीव एकाहून अधिक वेळा धोक्यात घालू नये हे इंग्लिश कायद्याचं सार्वत्रिक तत्त्व आहे. 'जेपर्डी' (धोका) हा शब्द जगभर झाला तो याच वाक्यातून. ते वाक्य कागदावर वाळत होतं तेव्हाही १४८७ चा कायदा जिवंत होता.

तो मेला कसा, ते बघा. २७ मे १८१७, बर्मिंगहॅमजवळ अर्डिंग्टन गाव. मेरी ॲशफर्ड ही तरुण मुलगी आदल्या रात्री नाचाच्या कार्यक्रमाला गेली होती. सकाळी पाण्याने भरलेल्या खड्ड्यात तिचं प्रेत सापडलं. रात्री तिच्यासोबत दिसलेला गवंडी अब्राहम थॉर्नटन पकडला गेला. ऑगस्टमध्ये वॉरिकला खटला झाला. त्या वेळी तो दुसरीकडे होता असं सांगणारे साक्षीदार उभे राहिले आणि ज्यूरीने सहा मिनिटांत त्याला सोडलं. लोक खवळले. वकिलांनी ते गंजलेलं हत्यार बाहेर काढलं आणि मेरीचा भाऊ विल्यम याच्या नावाने अपील दाखल झालं.

नोव्हेंबरात वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये थॉर्नटनला विचारलं, कबूल आहे का? तो म्हणाला, मी निर्दोष आहे आणि ते अंगानिशी सिद्ध करायला तयार आहे. आणि हातमोजा काढून जमिनीवर फेकला. द्वंद्वाचं आव्हान! विरुद्ध पक्षाने मध्ययुगीन वाट काढली, तर याच्या वकिलाने त्या वाटेचीच मध्ययुगीन परतफेड काढली. थॉर्नटन आडदांड, विल्यम काटकुळा पोरगा. न्यायाधीश एलेनबरो यांनी एप्रिल १८१८ मध्ये नाइलाजाने सांगितलं की कायदा आहे तो असा आहे, द्वंद्वाचा हक्क आहे. विल्यम मागे हटला, थॉर्नटन सुटला आणि पुढे अमेरिकेला गेला. १८१९ ला संसदेने खाजगी अपील आणि द्वंद्व दोन्ही एकदम निकालात काढली.

अबोली_७

हातमोजा?!! हे खरंच १८१८ मध्ये? आपल्याकडे त्याच वर्षी पेशवाई संपली.

तालुका_वकील

हो. खडकी आणि कोरेगावची लढाई होते त्याच हिवाळ्यात लंडनमधले न्यायाधीश द्वंद्वाचा कायदा चाळत बसले होते.

अजून एक, मग थांबतो. १५९१, नॉर्थम्बरलंड. विल्यम व्हॉक्सवर आरोप की त्याने निकोलस रिडले नावाच्या अपत्यहीन गृहस्थाला मूल होण्याचं औषध म्हणून विषारी काढा पाजला. दोषारोपात विष दिलं, मेला, सगळं होतं. रिडलेने ते विष प्यायलं, एवढंच लिहायचं राहिलं! त्या चुकीवर व्हॉक्स सुटला. दुसऱ्यांदा नीट दोषारोप आला तेव्हा तो म्हणाला, मी आधीच सुटलोय. कोर्ट म्हणालं, पहिला कागदच सदोष होता, त्यावर तुला फाशी देताच आली नसती. मग तुझा जीव धोक्यात आला कधी?

वेगळ्या वेषातला तोच प्रश्न. 'दोनदा' वर कुणाचंच भांडण नाही. भांडण सगळं 'एकदा' कशाला म्हणायचं यावर.

जर्सीकर

इकडची, अमेरिकेतली भर. १६४१ ला मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने आपल्या हक्कांच्या यादीत घातलं की एका अपराधाची शिक्षा दिवाणातून दोनदा होणार नाही. इंग्लंडात तो वकिलांचा युक्तिवाद होता, इथे आधीच लिखित हक्क झाला. १७८९ ला मॅडिसनने मांडलेल्या मसुद्यात 'एक खटला किंवा एक शिक्षा' असं सरळ होतं. काँग्रेसने ते बदलून 'जीव किंवा अवयव' धोक्यात घालण्याची जुनी भाषा आणली. १७९१ ला अमेरिकी घटनेची ही पाचवी दुरुस्ती लागू झाली. अवयव तोडण्याची शिक्षा इकडे कधीच इतिहासजमा झाली, शब्द अजून आहे.

आणि तुमचा 'एकदा' चा मुद्दा इथेही. राज्य आणि केंद्र ही दोन वेगळी सरकारं, म्हणून एकाच कृत्याचे दोन गुन्हे. अलाबामात गॅंबल नावाच्या माणसाच्या गाडीत पिस्तूल सापडलं. राज्याने शिक्षा दिली, मग केंद्रानेही दिली. २०१९ ला सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोनने म्हटलं, चालतं. दोन्ही बाजूंनी सतराव्या शतकातले इंग्लिश निकाल उकरले होते.

पोथीवाला

आपल्याकडचं कुणीच काढत नाही म्हणून लिहितो. आपल्या जुन्या व्यवहारशास्त्रात, म्हणजे दावे-तंट्यांच्या शास्त्रात, प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगितलेत : नाकारणं, कबूल करणं, कबूल करून कारण दाखवणं, आणि चौथं 'प्राङ्न्याय'. म्हणजे 'याचा निवाडा आधीच झालाय, तू तेव्हा हरलास'. नावातच सगळं आलं. मनुस्मृतीतही (९.२३३) म्हटलंय की जे एकदा तडीला जाऊन दंडही झाला, ते धर्माने झालं असं समजावं आणि पुन्हा फिरवू नये.

पण याज्ञवल्क्य (२.३०६) गमतीदार आहे : 'यो मन्येताजितोऽस्मीति न्यायेनापि पराजितः । तमायान्तं पुनर्जित्वा दापयेद् द्विगुणं दमम् ॥' रीतसर हरूनही 'मी हरलोच नाही' म्हणत जो परत येईल, त्याला परत हरवा आणि दुप्पट दंड घ्या. दार बंद नाही, फक्त फी दुप्पट.

सई_प

पोथीवाला, सुंदर. आणि मराठेशाहीत? वतनाचा तंटा हरणाऱ्याकडून यजितपत्र लिहून घेत : 'मी खोटा झालो, पुढे कटकट करणार नाही.' जिंकणाऱ्याला जयपत्र. पण नातवाच्या पिढीत तेच पाटीलकीचं भांडण पुन्हा गोतापुढे उभं, अशी कागदपत्रं ढिगाने आहेत.

तालुका_वकील

दोघांनाही दंडवत, पण एक फरक मांडतो. प्राङ्न्याय आणि यजितपत्र मुख्यतः दोन पक्षांच्या दाव्याबद्दल आहे, ज्याला आम्ही कोर्टात रेस ज्युडिकाटा म्हणतो. १९१६ ला प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील कोर्टापुढे, असाच मुद्दा आला तेव्हा सर लॉरेन्स जेनकिन्स यांनी निकालात मिताक्षरेचा, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या टीकेचा, आधार देऊन सांगितलं की हे तत्त्व हिंदू शास्त्रातही आहे. जेनकिन्स आधी मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते, इथल्या पंडितांच्या संगतीचा परिणाम असेल. डबल जेपर्डीत, म्हणजे एकाच गुन्ह्याच्या दुसऱ्या खटल्याच्या प्रश्नात, मात्र एका बाजूला अख्खं सरकार असतं. चुलत बहिणी म्हणा, जुळ्या नव्हेत.

फडताळ

मग नानावटीचं काय? खुनाच्या खटल्यात ज्यूरीने सोडलं, तरी हायकोर्टाने जन्मठेप दिली. एकदा सुटला की सुटला ना?

तालुका_वकील

हा प्रश्न येणार हे माहीतच होतं. १९५९, मुंबईचं सत्र न्यायालय. ज्यूरी आठ विरुद्ध एकने 'दोषी नाही' म्हणाली. पण तेव्हाच्या १८९८ च्या संहितेत कलम ३०७ होतं. ज्यूरीचा निर्णय कुठल्याही समजूतदार माणसाला पटणार नाही असा असेल, तर न्यायाधीशाने प्रकरण हायकोर्टाकडे पाठवावं. न्यायाधीशांनी पाठवलं. म्हणजे पहिला खटला संपलाच नव्हता, तो वरच्या मजल्यावर गेला. हायकोर्टाने १९६० ला दोषी धरलं, सुप्रीम कोर्टाने १९६१ ला ते कायम केलं.

इंग्लंडात ज्यूरीने सोडलं की सरकारला वर दादच नसे. आपल्याकडे १८६१ च्या पहिल्या फौजदारी संहितेतही तसंच होतं, सुटकेविरुद्ध अपील नाही. १८७२ च्या संहितेने सरकारला तो हक्क दिला आणि तो आजतागायत आहे. स्वतःच्या घरी ज्यूरीला देवाचा कौल मानणारे इंग्रज इथे आल्यावर निकाल तपासायला लागले. का, ते तुम्हीच ओळखा.

सांताक्रूझ_निवृत्त

उशिरा आलो. मी सीमाशुल्कात बत्तीस वर्षं काढली, त्यामुळे मकबूल हुसेनचा निकाल आम्हाला पाठ. ६ नोव्हेंबर १९४९, जेद्दाहून आलेला प्रवासी सांताक्रूझला उतरला. सोनं जाहीर केलं नाही. झडतीत १०७.२ तोळे निघालं, आजच्या मापात सव्वा किलो. कस्टम्सने ते जप्त केलं आणि म्हटलं, बारा हजार भरून सोडवून न्या. त्याने काही नेलं नाही. मार्च १९५० मध्ये परकीय चलनाच्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटपुढे खटला उभा राहिला. घटना लागू होऊन जेमतेम दोन महिने झालेले. तो म्हणाला, माझं सोनं गेलं, ही शिक्षा झाली, आता दुसरी कशी?

१९५३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, कस्टम्सचा अधिकारी म्हणजे कोर्ट नव्हे. आम्ही टेबलामागे बसून नोटीस काढायचो, सुनावणी घ्यायचो, जबाब लिहून आदेशावर सही ठोकायचो. समोरचा माणूस कोर्टात उभं राहावं तसा घाम पुसत उभा असायचा. पण कलम २० च्या लेखी ते काहीच नव्हतं. माणसाचं सोनं जाताना बघितलंय मी. शिक्षा नाही म्हणायला जीभ अडखळायची.

सई_प

म्हणजे हेन्रीचंच म्हणणं! पद काढलं ही शिक्षा नाही, सोनं काढलं ही शिक्षा नाही.

तालुका_वकील

अगदी तेच. आणि आमचं कलम २०(२) अमेरिकेपेक्षा अरुंद आहे. 'खटला' आणि 'शिक्षा' दोन्ही झालं असेल तरच ते पावतं. निर्दोष सुटलेल्याला संरक्षण आहे, पण ते फौजदारी प्रक्रिया संहितेतून : आधी कलम ४०३, मग १९७३ चं ३००, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३३७.

जर्सीकर

आणि इंग्लंडने स्वतःच शेवटी दार किलकिलं केलं ते?

तालुका_वकील

हो, तेही आलं पाहिजे. बिलिंगहॅमची ज्युली हॉग १९८९ ला बेपत्ता झाली. पोलिसांनी घर तपासलं, काही मिळालं नाही. जवळपास तीन महिन्यांनी तिच्या आईलाच, ॲन मिंग यांना, न्हाणीघरात टबाच्या फळीमागे मुलीचं प्रेत सापडलं. बिली डनलॉपवर दोन खटले चालले, दोन्ही ज्यूरींचं एकमत होईना, आणि १९९१ ला तो निर्दोष ठरला. नंतर तुरुंगात असताना त्याने कबुली दिली. खुनासाठी हात लावता येईना, म्हणून खोट्या शपथेसाठी सहा वर्षं दिली. आई पंधरा वर्षं दारोदार फिरली. इकडे स्टीफन लॉरेन्स खून प्रकरणाच्या चौकशी अहवालानेही १९९९ ला बदल सुचवला होता. २००३ च्या कायद्याने गंभीर गुन्ह्यांत नवा आणि सबळ पुरावा आला तर अपील कोर्टाच्या परवानगीने पुन्हा खटल्याची मुभा मिळाली. २००६ ला डनलॉपने गुन्हा कबूल केला.

यावर माझं मत पक्कं होत नाही. त्या आईसमोर बसून कुणी ब्लॅकस्टोन वाचून दाखवावा असं मला वाटत नाही. पण रोज कोर्टात पोलिसांचा तपास बघतो, आणि दुसरी संधी आहे हे कळल्यावर पहिला तपास कसा होईल तेही डोळ्यांपुढे येतं.

फडताळ

बेकेटबद्दल बोललो ते मागे घेत नाही. पण पहिल्या तपासाबद्दलची तुमची शेवटची ओळ पटली.

गंपू

मेहुणे!!! पहिल्या प्रतिसादापासून वाट बघतोय.

तालुका_वकील

गंपूशेठ, सांगतो. हे सापडलं तेव्हा मलाच कसनुसं झालं.

घटना समितीच्या मसुद्यात आधी फक्त एवढंच होतं की एकाच अपराधासाठी कुणालाही एकापेक्षा अधिक वेळा 'शिक्षा' होणार नाही. तेवढंच राहिलं असतं तर मेहुण्यांना निदान भांडायला जागा होती. शेवटच्या टप्प्यात अडचण निघाली : सरकारी नोकराला खात्याने शिक्षा केली असेल तर तो हेच कलम दाखवून फौजदारी खटला अडवेल. म्हणून 'शिक्षा' च्या आधी 'खटला' हा शब्द मुद्दाम घातला गेला. १९५४ ला एका बडतर्फ सनदी अधिकाऱ्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं, खात्याची चौकशी म्हणजे खटला नव्हे.

म्हणजे १९४९ मध्ये दिल्लीत बसून मंडळींनी नेमका माझ्या मेहुण्यांसारखा माणूस डोळ्यांपुढे आणला होता.

काल हा सगळा धागा त्यांना पाठवला. रात्री अकराला फोन आला. हेन्री, बेकेट, हातमोजा, सगळं वाचलं म्हणाले. मग थोडा वेळ गप्प. "ती शिक्षाच नव्हती ना? मग दोन वेतनवाढी परत मिळायला अर्ज कुणाकडे करायचा, तेवढं सांगा." पुढच्या महिन्यात तारीख आहे. वकीलपत्र माझंच आहे.